ऐकू येतं तिला

खडकबोरीच्या जिल्हा परिषद शाळेत टॅब आले तेव्हा पहिलं भांडण झालं ते प्लगवरून. शाळेला दोन खोल्या. त्यातल्या पत्र्याच्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसायची आणि त्या खोलीत प्लग एकच होता. त्यावर पंखा चालवायचा की टॅब चार्ज करायचे, यावरून पोरांत सरळ दोन पार्ट्या पडल्या. साळवे मॅडमनी पंखा बंद केला.

"दिवाळी झाली, आता कशाला लागतो पंखा?" त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

प्रियदर्शनी साळवे मूळच्या जालन्याच्या, तिथल्या मस्तगड भागात वाढलेल्या. अंबडला खोली करून राहायच्या आणि तिथून स्कूटीवर खडकबोरीला यायच्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांकडे. एवढ्या दोघांवर शाळा चालायची. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीनं आपले वापरलेले चार टॅब शाळेला दिले होते. एकाची काच तडकलेली होती, पण चालू चारही होते. मॅडमनी घरी बसून त्यांच्यात गोष्टी भरल्या. चित्र यायचं, खाली मोठ्या अक्षरात ओळ यायची आणि एक बाई ती ओळ सावकाश वाचून दाखवायची.

पोरं टॅबभोवती घोळका करून बसली. गोष्ट सुरू झाली आणि थोड्याच वेळात प्रेम नावाचा पोरगा ओरडला, "मॅडम, ही बघा, राजनंदिनी टॅबवर झोपून राह्यली! आम्हाला चित्रच दिसून न्हाई राह्यलं!"

राजनंदिनी दुसरीत होती. सडपातळ, दोन वेण्या, कपडे कायम स्वच्छ. ती शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची. मागच्या वर्षीच्या बाई बदली होऊन जाताना साळवे मॅडमना सांगून गेल्या होत्या, "ही सर्जेराव आबांची नात. गरीब आहे बिचारी, त्रास काही देत नाही. पण तिच्याकडून काही व्हायचं नाही. बसू द्यायचं." फळ्यावरचं ती बरोबर उतरवून घ्यायची, अक्षर मोत्यासारखं. पण शुद्धलेखन सांगितलं की शेजारणीच्या पाटीत बघायची. वर्ग हसला की तीही हसायची, जरा उशिरानं. बोलायची फार कमी, आणि बोलली तरी शब्द अर्धे तोंडात राहायचे.

तिला उठवायला मॅडम पुढे झाल्या आणि तिथंच थांबल्या. पोरगी झोपली नव्हती. डोळे टक्क उघडे होते. टॅबच्या ज्या बाजूनं आवाज येत होता, नेमक्या त्या बाजूला तिनं कान दाबून धरला होता, आणि चित्राकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

मॅडमनी आपल्या पर्समधून हेडफोन काढला, टॅबला जोडला आणि तिच्या कानांवर बसवला. आवाज हळूहळू वाढवत नेला. निम्म्याच्या पुढं गेला तरी पोरीच्या चेहऱ्यावर काही नाही. आणखी वाढवला. एकदम तिच्या भुवया वर गेल्या. तोंड उघडं राहिलं. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि कुणी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ओरडली, "बोऊन राह्यलं! मॅडम, हे बोऊन राह्यलं!"

अख्खा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिला ते हसणं ऐकूच गेलं नव्हतं.

मॅडमनी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि झटकन खाली घेतला. कानात सुई टोचावी तसा आवाज होता तो.

मधल्या सुट्टीत खिचडी वाटून झाल्यावर मॅडमनी बद्रीनाथ सरांना बोलावलं. राजनंदिनीला सरांसमोर बसवलं, हातात खडू दिला आणि पाटीवर फूल काढायला सांगितलं. मग स्वतः तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"राजनंदिनी," त्या रोजच्या आवाजात म्हणाल्या. पोरीची मान वर झाली नाही. "राजनंदिनी, तुझी वेणी सुटली." खडू चालूच. "राजनंदिनी, मागं साप आहे."

शेजारून जाणारी पहिलीतली दोन पोरं किंचाळून पळाली. राजनंदिनी फुलाला पाकळ्या काढत राहिली. पळणारे पाय दिसले तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

बद्रीनाथ सरांनी तिच्या पाटीवरचं फूल बघितलं. मग खुर्चीवर बसत म्हणाले, "आपण हिला मंद समजून बसलो होतो, मॅडम."

"सर, हिला ऐकूच येत नाही. म्हणजे येतं, पण फार मोठ्यानं बोललं तरच. ती आपल्या तोंडाकडं बघून अंदाज लावते."

"घरी सांगावं लागंल. पण सर्जेराव आबा म्हंजी जुना माणूस. जपून बोला. मी बरोबर येतो." सरांनी खिशातून मोबाइल काढला. "तालुक्याला अशा लेकरांसाठी विशेष शिक्षक आहेत. त्यांचा नंबर देतो तुम्हाला. पण आधी घरचे तयार पाहिजेत."

"तयार नाही झाले तर?"

"मंग परत जाऊ," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी दोघं सर्जेरावांच्या घरी गेले. कारखान्याचा हंगाम चालू होता. राजनंदिनीचा बाप कल्याण अंकुशनगरच्या साखर कारखान्याला उसाचं ट्रॅक्टर चालवायचा. तो नुकताच खेप टाकून घरी आला होता आणि ओट्यावर बसून चहा पीत होता. बाजेवर सर्जेराव. डोक्याला टोपी, आवाज खणखणीत. सून भावना चुलीपाशी होती. गुरुजी-मॅडम आलेले बघून तिनं लगबगीनं सतरंजी टाकली.

मॅडमनी दिवसभरात पाहिलेलं सगळं सांगितलं. सर्जेरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या मान्सं. पन ऐकू येतं तिला. बापाचं ट्रॅक्टर आलं की पयली हीच पळती बाहेर. हे बघा."

त्यांनी बाजेखालचं पितळी ताट उचललं आणि दगडावर आपटलं. अंगणात खेळणारी राजनंदिनी दचकून वळली.

"बघितलं? बिलकुल बराबर हाय पोरगी."

"आबा, ट्रॅक्टरचा धक्का जमिनीतनं पायाला कळतो," मॅडम म्हणाल्या. "आणि ताटाचा आवाज तर पलीकडच्या आळीत गेला असेल. आता मी बोलते. चालेल?"

आबांनी मान हलवली. मॅडम उठून अंगणात गेल्या. पोरीच्या मागं चार पावलांवर थांबल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "राजनंदिनी, पप्पांनी तुला ऊस आणलाय."

ट्रॅक्टरवरून बापानं ऊस आणला की पोरगी नाचत जायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती खापराच्या तुकड्यांनी भातुकली मांडत होती. मांडतच राहिली.

मॅडमनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. कल्याणनं हातातली कपबशी खाली ठेवली.

तेव्हा चुलीपाशी बसलेली भावना बोलली. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर सावरला, पण बोलायची थांबली नाही. "ती रांगत व्हती तवापासून म्हाईत हाय. मी मागून कदी बोलतच न्हाई तिला. समोर जाऊन, खाली बसून, तोंड दाखवून बोलती. मंग तिला समजतं. म्या कुनाला सांगितलं न्हाई. वाटलं, मोठी झाली की हुईल नीट."

"मला तरी सांगायचं," कल्याण हळू आवाजात म्हणाला.

"तुमी हंगामात घरी किती असता?"

सर्जेराव उठून बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "मॅडम, माझी एक थोरली बहीन व्हती. तिला कमी यायचं ऐकू. उभ्या जन्मात तिला कुनी नावानं हाक मारली न्हाई. इथं बी बहिरी, सासरी बी बहिरी. तिचं नाव काय व्हतं हे तिच्या नातवंडाला इचारलं तर सांगता येनार न्हाई. ह्या पोरीच्या कपाळावर तो शिक्का मला मारायचा न्हाई. कानात मशीन दिसली की सारं गाव बहिरीच म्हननार. उद्या सोयरीक कशी हुईल?"

"आबा, मशीन नसली तरी गाव काहीतरी म्हणणारच," मॅडम म्हणाल्या. "आता मंद म्हणतं. शाळेत आम्हीसुद्धा तेच समजत होतो. तुमच्या बहिणीच्या वेळी इलाज नव्हता. आता आहे. आणि उशीर केला तर जे शब्द तिला आता ऐकू यायला पाहिजेत ते मग कधीच नीट बसायचे नाहीत. एकदा तपासणी तर करू."

"मला इचार करू द्या."

"मामा," भावना सासऱ्याला म्हणाली, "इचार करा तुमी. पर तपासनीला मी घेऊन जाती."

सर्जेरावांनी सुनेकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर एवढं बोलली नव्हती. ते आडवे झाले आणि तोंड भिंतीकडं केलं. घरात त्याचा अर्थ ना हो असा होता, ना नाही.

भावना गेली. कल्याणला ट्रॅक्टर सोडता येईना, म्हणून मॅडमनी रजा टाकली आणि तिघी एसटीनं जालन्याला सरकारी दवाखान्यात गेल्या. तालुक्याच्या विशेष शिक्षकांनी आधी फोन करून ठेवला होता. कानाची तपासणी करणारी बाई तरुण होती. तिनं राजनंदिनीला एका बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावला आणि समोर रंगीत मण्यांची वाटी ठेवली. आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. पोरीला तो लगेच समजला.

काचेपलीकडून भावना बघत होती. बाई बटण दाबायची. पोरगी मणी हातात धरून तशीच बसून राहायची, अगदी मन लावून, डोळे बारीक करून. पुष्कळ वेळ गेल्यावर एकदा मणी डब्यात पडायचा. भावनेनं मॅडमचा हात धरला होता, तो तपासणी संपेपर्यंत सोडला नाही.

तपासणीच्या बाईनं कागदावर दोन वाकड्या रेषा काढून दाखवल्या. "दोन्ही कानांची नस कमजोर आहे. साधं बोलणं हिला आपण भिंतीपलीकडचं ऐकतो तसं येतं. काही अक्षरं तर येतच नाहीत. स, श, फ, ही बारीक आवाजाची अक्षरं. मशीन लावली तर खूप फरक पडेल. पण कानाचा साचा घ्यायचा, मशीन मंजूर होऊन यायची, याला वेळ लागतो."

"तोवर काय करायचं?" मॅडमनी विचारलं.

"तोवर समोर बसून बोला. आणि एक सांगते, तो टॅब फुल आवाजात कानाला लावू नका. उरलंसुरलं ऐकणंसुद्धा जाईल. इथपर्यंत," तिनं मॅडमच्या मोबाइलवर बोटानं खूण दाखवली, "याच्या पुढं नाही."

एसटीत परत येताना राजनंदिनी आईच्या मांडीवर झोपली. मॅडम खिडकीशी बसून विचार करत होत्या. वेळ लागतो म्हणजे किती, ते कुणीच सांगितलं नव्हतं. तोवर दुसरी संपली तर? टॅबमधली गोष्टीची बाई दिसत नव्हती, नुसता तिचा आवाज होता. राजनंदिनीला आवाज पुरत नव्हता. तिला तोंड लागायचं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टॅब फळ्यापुढं पुस्तकांच्या ढिगावर उभा केला, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असं बसल्या आणि स्वतःचाच व्हिडिओ घेतला. एका हातात वस्तू, दुसऱ्या हातात अक्षरांची पट्टी. "भाकर." ओठ नीट दिसतील असं, सावकाश, पण ओढूनताणून नाही. "भाकर. आईनं भाकर केली." मग कांदा. मग दोरी. मग चप्पल. पट्टीवरचा शब्द, हातातली वस्तू आणि बोलणारं तोंड, तिन्ही एकाच चौकटीत.

राजनंदिनीनं तो व्हिडिओ पाहिला, परत मागं नेला, परत पाहिला. वर्गात मॅडम एकदा बोलल्या की ते बोलणं गेलं. इथं पाहिजे तितक्यांदा मॅडमना परत बोलायला लावता येत होतं, आणि त्या रागावतही नव्हत्या. आठवडाभरात ती पट्टी बघून शब्द ओळखायला लागली. ती नक्कल नव्हती, खरंच वाचणं होतं. मॅडमनी 'दोरी' लिहिलेली पट्टी दाखवली की ती खोलीभर शोधून दोरी घेऊन यायची.

बाकीची पोरं गप्प बसणार होती थोडीच? प्रेम म्हणाला, "मॅडम, माझा बी व्हिडिओ काढा. मी बैल म्हनतो." मग सगळ्यांचेच निघाले. ज्याला ज्या शब्दाचा व्हिडिओ करायचा त्यानं आधी तो शब्द पट्टीवर बिनचूक लिहायचा, असा मॅडमनी नियम केला. शब्दासाठी भांडणं लागली. ज्यांची बाराखडी महिनोन्‌महिने अडून बसली होती, ती पोरं 'ट्रॅक्टर' नीट लिहायला यावं म्हणून घरून गिरवून यायला लागली. पहिलीची पोरं दुसरीचे व्हिडिओ बघूनच वाचायला लागली.

बद्रीनाथ सरांनीही एक गोष्ट वाचून दिली. राजनंदिनीनं ती थोडी पाहिली, टॅब खाली ठेवला आणि मॅडमपुढं आली. नाकाखाली बोट आडवं धरून म्हणाली, "अरांचं तोंड दिअत न्हाई."

सरांच्या मिशा भरघोस होत्या. वरचा ओठ त्यात पार झाकलेला. मॅडमनी हसू दाबत सरांना निरोप सांगितला. सरांनी नुसता मिशांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी आले ते मिशा कातरून. तिसरी-चौथीची पोरं दिवसभर वहीआड तोंड लपवून हसत होती. सरांनी गोष्ट परत वाचून दिली.

मशिनी आल्या तेव्हा थंडी ओसरत आली होती. तपासणीच्या बाईनं त्या राजनंदिनीच्या कानांमागं बसवल्या, आवाज जुळवून दिला, सेल कसे बदलायचे ते भावनेला शिकवलं. दवाखान्यात पोरगी शांत होती. सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी ती मशिनी लावून वर्गात आली. प्रार्थना संपून पोरं पत्र्याच्या खोलीत घुसली. कुणी बाक ओढला, कुणी दप्तर आपटलं, कुणी ओरडलं, आणि वर पत्र्यावर माकडांनी उडी मारली. राजनंदिनीनं कान झाकले. मग किंचाळली. दोन्ही मशिनी ओढून काढल्या, फरशीवर फेकल्या आणि भिंतीशी जाऊन डोकं गुडघ्यांत घालून बसली. मॅडम जवळ गेल्या तर तिनं त्यांचा हात ढकलून दिला.

मशिनी तुटल्या नव्हत्या. पण त्या दिवसानंतर तिनं त्यांना हात लावू दिला नाही. सर्जेरावांनी त्या एका डबीत घातल्या आणि डबी फळीवर ठेवून दिली.

मॅडम त्यांच्या घरी गेल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी लई केलं. मशीन चांगली हाय. पर पोरीला नको तर जबरदस्ती कशाला? व्हिडिओवर शिकती ना ती?"

"शिकते आबा. पण व्हिडिओ शाळेत आहे. आई हाक मारते ती घरात. रस्त्यावर मागून गाडी येते. तिथं व्हिडिओ काय करणार?"

मॅडम तिथंच ओसरीवर बसल्या आणि तपासणीच्या बाईंना फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे घरच्यांनाही ऐकू जाईल.

"चूक घाईची झाली," फोनमधून बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं ती शांततेत राहिली. एकदम वर्गाचा गोंगाट कानात ओतला तर कुणीही घाबरेल. आधी शांत जागी, थोडा वेळ. तिच्या ओळखीचं काहीतरी ऐकवा. मग हळूहळू वाढवा. रोज. खंड पाडू नका."

फोन ठेवल्यावर भावना उठली. फळीवर हात पुरेना म्हणून तिनं पाटावर उभं राहून डबी काढली. सर्जेराव बघत राहिले. ती त्यांच्याकडं न बघता मॅडमना म्हणाली, "शाळा भरायच्या आधी आनती मी तिला. तुमी लवकर येता का?"

"येते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या अंबडहून अंधुक असतानाच निघू लागल्या. शाळेच्या पक्क्या खोलीत कुणी नसायचं. मॅडम, भावना आणि राजनंदिनी तिघी जमिनीवर बसायच्या. पहिले काही दिवस पोरगी मशीन बघितली की मान फिरवायची. भावना तिच्या समोर बसायची, तोंड दाखवून सांगायची, "थोडंच. मंग काढू." आणि म्हटल्याप्रमाणे खरंच काढायची. त्यानं विश्वास बसत गेला. एका सकाळी तिनं स्वतःच कान पुढं केला.

मॅडमनी टॅबवर तिचा पाठ असलेला पहिला व्हिडिओ लावला. आवाज अगदी बारीक ठेवला. "भाकर," टॅबमधल्या मॅडम म्हणाल्या. राजनंदिनी टॅबकडं बघत राहिली. हे तोंड तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण आज त्या तोंडातून शेवटी आणखी काहीतरी येत होतं. तिनं व्हिडिओ मागं नेला. "भाक...र," ती म्हणाली. आजवर ती 'भाकअ' म्हणायची.

मग चप्पल झाली, दोरी झाली. आणि मग 'साप' आला. मॅडमनी रबराचा साप हातात धरलेला व्हिडिओ होता तो. राजनंदिनीनं ऐकलं आणि एकदम टॅब थांबवला. खऱ्या मॅडमच्या तोंडाकडं बोट दाखवलं. पुन्हा म्हणा.

"साप," मॅडम म्हणाल्या.

"स्स," राजनंदिनी म्हणाली. मग पुन्हा. "स्स. स्स."

तिच्यासाठी साप आजवर 'आप' होता, सायकल 'आयकल' होती, सरांचं 'अरांचं' होतं. अक्षर तिला लिहिता येत होतं, पण त्याला आवाज असतो हे आज कळलं होतं. ती दिवसभर 'स्स' करत फिरली. चिंचेच्या झाडाला, हापशाला, खिचडीच्या पातेल्याला, जे दिसेल त्याला 'स्स' करून बघितलं. पोरांना वाटलं काहीतरी नवा खेळ आहे, तीही करायला लागली.

घरी गेल्यावर ती आजोबांच्या बाजेपाशी उभी राहिली आणि बोटांवर मोजत म्हणाली, "साप. साखर. सायकल." मग जरा थांबली, मॅडमनी पट्टीवर लिहून दिलेलं आठवलं आणि म्हणाली, "सर्जेराव."

"आज्याचं नाव घेती व्हय गं?" सर्जेराव म्हणाले. राग आणल्यासारखं केलं, पण जमलं नाही. टोपी काढून त्यांनी डोळ्यांवरून फिरवली. "परत म्हन."

"सर्जेराव," ती म्हणाली.

त्या आठवड्यात ते पहिल्यांदा शाळेत आले. पत्र्याची खोली आतून बघितली. टाळी वाजवली आणि आवाज चारी भिंतींवरून परत येतो का ते ऐकलं. "ही खोलीच वरडती," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घरातली आणि शेजाऱ्यांची रिकामी पोती भरून घेऊन आले. बद्रीनाथ सर शिडीवर चढले, आबांनी खालून पोती दिली. पत्र्याखाली वासे होते, त्यांना ताणून पोती बांधली. भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या. खाली तरट अंथरलं. खोली दिसायला काही खास राहिली नाही, पण आवाज घुमायचा थांबला. पोरं ओरडली तरी ते ओरडणं तिथंच पडायचं.

राजनंदिनीची जागा मॅडमनी पहिल्या ओळीत केली. एकानं बोलताना दुसऱ्यानं बोलायचं नाही, आणि बोलायचं तर तिच्याकडं तोंड करून, असा नियम झाला. प्रेमला तो सगळ्यात जड गेला. मशीन लावायचा वेळ हळूहळू वाढत गेला. मधेच ती वैतागायची, कधी सेल संपायचा, एकदा एक मशीन ओली झाली आणि आठवडाभर एकाच कानावर भागवावं लागलं. गावात एकदोघांनी बहिरी म्हटलंच. एका बाईनं हापशावर भावनेसमोर म्हटलं. भावनेनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "राजनंदिनी नाव हाय तिचं. तेच म्हनायचं." ती बाई परत म्हणाली नाही.

कारखान्याचा हंगाम संपून कल्याण घरी आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं अंगणात उभं राहून लेकीला मागून हाक मारली. ती खापरं मांडत होती. लगेच वळली नाही. आवाज कुठून आला ते शोधत आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि मग बापाकडं. तो तिथंच ओट्यावर बसून राहिला. आणखी दोनतीनदा हाक मारली. शेवटी तिनंच कंटाळून विचारलं, "काय हाय?"

वार्षिक परीक्षा आली. दुसरीची परीक्षा ती काय, पण मॅडमना धाकधूक होती. राजनंदिनीची बेरीज चांगली होती. वाचन चालत होतं, जोडाक्षरं अडत होती. उच्चार अजून पुष्कळ ठिकाणी बोबडे होते, आणि ते सुधारायला अजून वर्षं जाणार हे तपासणीच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. मॅडमनी ठरवून टाकलं होतं की तिला वेगळी, सोपी परीक्षा द्यायची नाही. शुद्धलेखन सगळ्यांना एकच.

मॅडम सर्वांसमोर उभ्या राहून एकेक शब्द सांगू लागल्या. पोरं मान खाली घालून लिहीत होती. राजनंदिनी आधी मॅडमच्या तोंडाकडं बघायची, मग लिहायची. शेजारणीच्या पेपरकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

"पुस्तक," मॅडम म्हणाल्या.

ती अडली. पेन्सिल 'पु'वर थांबली. मागच्या ओळीतून प्रेम पुढं वाकला. त्याला ती आवडायची, आणि मॅडमची पाठ वळली होती. तो हळूच कुजबुजला, "राजे, अर्धा स आन् त."

राजनंदिनी गर्रकन वळली.

"गप," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "मला येतं."

परीक्षेत बोलायचं नाही, हा मॅडमचाच नियम होता. दोघांनाही रागवायला पाहिजे होतं. पण मॅडम फळ्याकडं तोंड करून तशाच उभ्या राहिल्या, आणि पुढचा शब्द सांगायला त्यांना जरा उशीर झाला. तोवर राजनंदिनीनं अर्धा स काढला, त्याला त जोडला, क लिहिला आणि पुढच्या शब्दासाठी मान वर केली.